ठंडे करण्याआधी एकदा वाचा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सकाळी आमच्या दारात एक वयस्कर शेतकरी येऊन उभे राहिले. शेजारच्या गावचे. डोक्याला रुमाल, हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाले, "बाई, तुमाला उर्दू वाचता येतं म्हणून कुणी सांगितलं. एवढा कागद बगता का?" पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पिवळा कागद निघाला. घडीवर फाटलेला, कडांना वाळवीने खाल्लेला.

असे कागद घेऊन येणारे ते पहिले नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून आमच्या बीड जिल्ह्यात निजामकाळातल्या कागदांना एकदम किंमत आली. त्यातले पुष्कळ कागद उर्दूत आहेत, काही फारसीत, काही मोडीत. ज्या लिपीकडे "तुमची लिपी" म्हणून बोट दाखवले जायचे, त्या लिपीत आपल्याही आजोबा-पणजोबांची नावे आहेत, हे गावोगावच्या लोकांना त्या निमित्ताने कळले. आरक्षणाच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते त्या कागदाविषयी.

कागद सारा भरल्याची पावती निघाला. वर साल होते १३४३. ते म्हणाले, "एवढं जुनं? शिवाजी महाराजांच्याबी आदीचं?" आम्ही सांगितले, हे फसली साल आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार फसली सालाने चाले. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल निघते. १३४३ म्हणजे १९३३-३४. खाली त्यांच्या आजोबांचे नाव होते आणि त्यापुढे "वल्द" म्हणून आजोबांच्या वडिलांचे. जातीचा उल्लेख कोठेही नव्हता.

ज्यासाठी ते आले होते ते त्यात नव्हते. आम्ही तसे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पंजोबाचं नाव आज कळलं बगा. घरात कुणालाच म्हाईत नव्हतं." कागद कपाळाला लावून त्यांनी परत घडी घातली. चहा घेतला आणि निघून गेले.

ते गेल्यावर आम्हाला आमच्याच घरातली एक गोष्ट आठवली. ती सांगायला संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही.

आमच्या माहेरचे जुने धाब्याचे घर पाडून स्लॅबचे बांधले तेव्हा माळवदाखालच्या कोनाड्यातून पत्र्याची एक ट्रंक निघाली. तीत दादाजानच्या वेळचे कागद होते. उर्दू छापील फॉर्म, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, मोहर उठवलेले दोन-तीन जाड कागद. आम्ही तेव्हा बी.एड.च्या वर्गात होतो, सुट्टीत घरी नव्हतो. घरच्यांनी विचार केला की या कागदांवर अल्लाहचे नाव असेल, बिस्मिल्लाह असेल, पायदळी येऊ नये. अशा कागदांचे आपण काय करतो ते वाचकांना ठाऊक आहेच. स्वच्छ जागी पुरतो, नाहीतर वाहत्या पाण्यात किंवा विहिरीत सोडतो. बोलीत त्याला "ठंडे करणे" म्हणतात. अब्बांनी ती ट्रंक मोठ्या अदबीने शेतातल्या विहिरीत रिकामी केली. कुणाचीही त्यात बेफिकिरी नव्हती. उलट अदब होती, म्हणूनच ते कागद गेले. रद्दीत दिले असते तर कदाचित एखादा कुणाच्या हाती लागला असता.

काही वर्षांनी भावाच्या मुलीला जात वैधता प्रमाणपत्र हवे झाले. आम्ही तांबोळी. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकांची वंशावळ द्यावी लागते. भाऊ कचेरीच्या फेऱ्या मारून थकला. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त "मुसलमान" लिहिलेले. शेवटी दादाजानच्या धाकट्या भावाचे नाव एका जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात उर्दूत सापडले आणि "कौम" या रकान्यात "तंबोली" हा शब्द निघाला. पण ते दादाजानचे सख्खे भाऊ, हे सिद्ध करणारा कागद कोठे होता? बहुधा विहिरीत. मुलीचे एक वर्ष त्यात गेले. त्या काळात अब्बा रोज संध्याकाळी अंगणात बसून एकच विचारायचे, "त्यात काय काय होतं, मला वाचता आलं असतं तर?" अब्बा मराठी शाळेत शिकले होते. त्यांच्या वडिलांचे कागद त्यांना वाचता येत नव्हते.

ही आमच्या एकट्याच्या घरची गोष्ट नाही. मराठवाड्यातल्या माणसाने घर न बदलता चार राज्ये पाहिली. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे हैदराबाद संस्थान, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भारतातले हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. कारभाराची भाषा उर्दूची मराठी झाली. तालुक्याची दप्तरे तहसिलात राहिली, वरच्या कचेऱ्यांचे बरेच कागद हैदराबादेतच राहिले. आज इनामाचा मुंतखब शोधायला किंवा जुनी नोंद काढायला माणसाला थेट हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत जावे लागते. जे घरात होते त्यावर काय काय गुजरले तेही पाहा. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर या भागातल्या अनेक मुस्लिम कुटुंबांची घरे उठली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती त्या वर्षाअखेर येथे फिरून गेली, ती त्याच कारणाने. जीव वाचवून निघालेला माणूस ट्रंक उचलत नाही. पुढे जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला पूर आला आणि बीड शहरातल्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यातून जे उरले ते वाळवीने खाल्ले किंवा आमच्यासारख्यांनी ठंडे केले.

मग करायचे काय? आम्हाला वाटते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावच्या वाचनालयात आहे. असे कोठे झाले आहे का, म्हणून आम्ही शोधले आणि एक उदाहरण मनाला फार लागले. ते दूरचे आहे, पण शाळामास्तरांनी ऐकावे असे आहे.

न्यूयॉर्क शहरात हार्लेम नावाचा भाग आहे. तेथे १३५ व्या रस्त्यावर १९०५ साली एक सार्वजनिक वाचनालय उघडले. पोलाद उद्योगातले धनाढ्य अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून बांधलेल्या अनेक वाचनालयांपैकी ते एक. पुढे त्या वस्तीत काळ्या लोकांची संख्या वाढत गेली. त्या शहरात आर्तुरो शॉम्बर्ग नावाचे गृहस्थ होते. जन्म १८७४ चा, पोर्टो रिको बेटावरचा. त्यांच्याविषयी असे सांगतात की लहानपणी शाळेत त्यांना ऐकवले गेले, काळ्या लोकांना इतिहास नसतो. तो शब्द त्यांनी मनावर घेतला. बँकेत टपाल विभागात नोकरी करत त्यांनी आयुष्यभर आपल्या लोकांची पुस्तके, पत्रे, हस्तलिखिते, चित्रे जमवली. १९२६ मध्ये कार्नेगी यांच्याच नावाच्या संस्थेने दहा हजार डॉलर देऊन तो संग्रह विकत घेतला आणि या मोहल्ल्यातल्या वाचनालयाला दिला. शॉम्बर्ग १९३२ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच त्या संग्रहाचे रखवालदार होते. आज त्यांच्या नावाचे मोठे संशोधन केंद्र तेथे आहे. जुनी इमारतही त्याच आवारात उभी आहे.

तेथे येणाऱ्या कितीतरी जणांचा शोध आपल्या खानदानाचा असतो. हा शोध अवघड का, ते पाहा. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची नावेच लिहिलेली नाहीत. मालकाचे नाव, त्याखाली गुलामाचे वय, स्त्री की पुरुष, रंग, एवढेच. मुक्त झालेल्या माणसांची नावे १८७० च्या जनगणनेत प्रथम आली. त्यामुळे त्यांच्या वंशावळीचा धागा तेथे येऊन तुटतो. तो जोडण्यासाठी माणसे वाचनालयात येऊन बसतात. मोठेपणा मिरवण्यासाठी ते पूर्वज शोधत नाहीत. आपलेही कुणी होते आणि त्याला नाव होते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते.

आपल्याकडेही कागद जमवणारी माणसे झाली. इतिहासाचार्य राजवाडे पायी गावोगाव फिरले, देशमुख-कुलकर्ण्यांच्या माळ्यावरची दप्तरे उघडली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. डिसेंबर १९२६ च्या अखेरीस ते वारले आणि पुढच्याच महिन्यात धुळ्यात त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. सेतुमाधवराव पगडी तर आपल्या मराठवाड्याचे, जन्म निलंग्याचा. उर्दू-फारसी शिकले आणि त्या भाषांतले किती इतिहासधन त्यांनी मराठीत आणले. आमच्या बीडचाही इतिहास लिहिला गेला आहे. काझी मुहम्मद कुतबुल्लाह यांचे 'तारीख-ए-बीर' हे पुस्तक १८९८ चे. पण ते उर्दूत आहे. आज बीडच्या किती घरांत ते वाचता येईल? आणि राजवाडे ज्या निष्ठेने वाड्यांच्या माळ्यावर चढले, त्या निष्ठेने आपल्या मोहल्ल्यातल्या तांबोळ्याची, पिंजाऱ्याची, अत्ताराची, मुलाण्याची ट्रंक कुणी उघडली? दुसऱ्याला दोष देण्यासाठी आम्ही हे विचारत नाही. ती ट्रंक आपल्याच घरात होती.

आता आपल्या वाचनालयांकडे पाहू. आपण हैदराबाद राज्यात होतो तेव्हा १९५५ सालीच तेथे सार्वजनिक वाचनालयांचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्या बळावर तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या गावांत वाचनालये उभी राहिली. आज तेथे गेले तर काय दिसते? सकाळी वर्तमानपत्र वाचणारी चार वडीलधारी मंडळी आणि दिवसभर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले. कपाटांना कुलूप. मुलांना अभ्यासाला जागा मिळते हे चांगलेच. पण त्याच इमारतीत एक खोली, तीही आठवड्यातून एक दिवस, गावच्या कागदांसाठी मिळाली तर?

त्याला फार काही लागत नाही. एक मोठे टेबल, खिडकीजवळचा उजेड, चांगला कॅमेरा असलेला मोबाइल आणि एक जाड वही. माणसे मात्र तीन लागतात. एक उर्दू-फारसी वाचणारा, एक मोडी वाचणारा आणि एक मराठीत नीट उतरवून घेणारा. उर्दू शाळांचे निवृत्त शिक्षक, मदरशातले आलिम, मोडी शिकलेले एखादे निवृत्त तलाठी किंवा कारकून प्रत्येक तालुक्यात निघतील. एका टेबलावर ही तिघे बसली तर गावाचे आणखीही काही भले होईल, असे आम्हाला वाटते.

नियम मात्र पक्के हवेत. पहिला, मूळ कागद घरवाल्याचाच, तो त्याने परत न्यायचा. वाचनालयात राहील ती फक्त छबी आणि मराठीतली नक्कल. जमिनीचा कागद परक्याच्या हाती कायमचा द्यायला कुणी तयार होणार नाही आणि होऊही नये. दुसरा, घरवाल्याच्या परवानगीशिवाय कुणाचा कागद कुणाला दाखवायचा नाही. शेताच्या बांधावरून भाऊबंदकीचे खटले चालू असतात, तेथे ही खोली कुणाचे हत्यार होता कामा नये. तिसरा, कागदावर जे आहे तेच वाचायचे. कुणाला हवे म्हणून एक अक्षर जास्त नाही, कुणाला नको म्हणून एक कमी नाही. त्या शेतकरी दादांना "यात जात नाही" हे सांगताना आम्हालाही जड गेले होते. पण वाचणाऱ्याची अमानत तीच आहे.

ज्यांना उर्दू थोडीफार येते, त्यांच्यासाठी काही गोष्टी येथेच सांगून ठेवतो. उर्दू अंकांत शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो. धुळीचा कण शून्य वाटतो आणि खरे शून्य डाग समजून सुटते, म्हणून साल दोनदा तपासावे. हैदराबादी फसली साल इंग्रजी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई आणि महिने आझर, दै, बहमन असे असत. ते पाहून हिजरी साल समजू नये. "वल्द" म्हणजे अमक्याचा मुलगा, "जौजे" म्हणजे अमक्याची बायको, "बिन्त" म्हणजे अमक्याची मुलगी. "कौम" या रकान्यात कधी जात असते, कधी नुसते "शेख" किंवा "मुसलमान". एका घरातल्या दोन भावांची नोंद दोन तऱ्हेने झालेली असू शकते, म्हणून एका कागदावर थांबू नये. घरात काही नसेल तर जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, तहसिलातले खासरा पाहणी पत्रक, काझींकडची निकाहाची वही आणि कब्रस्तानातल्या कबरीवरचा दगड, एवढ्या ठिकाणी शोध घ्यावा.

कागद सापडलाच तर तो लॅमिनेट करू नये. त्याने जुना कागद कायमचा बिघडतो. चिकटपट्टी लावू नये. घडी हळू उलगडून स्वच्छ कोऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवावा, ओलीपासून दूर. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, दोन्ही बाजूंनी काढावा आणि घरातल्या किमान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा.

आता भगिनींसाठी एक गोष्ट. मागच्या वर्षी आम्ही आठवीच्या मुलांना घरची वंशावळ काढून आणायला सांगितली. बहुतेकांनी बापाकडून वर चार पिढ्या नावे आणली. सगळी पुरुषांची. एका मुलीने विचारले, "बाई, दादीचं नाव कुठं लिहू? फांदीच नाही." आम्ही फळ्याकडे पाहिले. आम्ही काढून दिलेल्या नमुन्यातच तशी फांदी नव्हती. जुन्या कागदांतही "जौजे" पुढे नवऱ्याचे नाव येते, बाईचे स्वतःचे नाव कधी असते, कधी नसते. आणि बहिणीचा, मुलीचा जो हिस्सा अल्लाहने ठरवून दिला आहे, तो मागायची वेळ येते तेव्हा हेच रिकामे राहिलेले नाव आडवे येते. म्हणून घरात वंशावळ काढाल तेव्हा दादी, नानी, फुफी, खाला यांची पूर्ण नावे, त्यांच्या माहेरच्या गावासह लिहा. त्या हयात असतील तर आजच विचारा. हा कागद कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

काही जण म्हणतील, इस्लाममध्ये खानदानाचा अभिमान मना आहे, मग हे कशाला? बरोबर आहे, अभिमान मनाच आहे. माणसांच्या जमाती आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून बनवले, श्रेष्ठ तो जो अल्लाहला भिऊन वागतो, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण मुलांना सांगतो. पण ओळख पटावी, हेही त्याच आयतीत आहे. आपली नाती जोडून ठेवता येतील एवढी वंशाची माहिती शिका, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सांगणे आहे. पोसलेल्या मुलालाही त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा, असा कुरआनचा आदेश आहे. म्हणजे माणसाचे खरे नाव जपणे हे दीनचेच काम आहे. शजरा भिंतीवर फ्रेम करून "आम्ही अमक्यांचे" म्हणून मिरवायचा नाही. आपल्या दूरच्या चुलत भावाच्या घरी चूल पेटली का, हे विचारायला जाता यावे यासाठी तो हवा.

त्या शेतकरी दादांचा कागद वाचला त्याच आठवड्यात आम्ही माहेरी गेलो. अब्बा आता थकले आहेत. कोरी वही काढून त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारले, दादाजानच्या अब्बांचे नाव काय? त्यांना ते आठवले. त्यांच्या अम्मीचे? तेही आठवले. त्यांच्या नानीचे मात्र नाही आठवले. तिला सगळे "बडी बी" म्हणायचे, एवढेच. आम्ही वहीत "बडी बी" लिहिले आणि पुढे जागा सोडली. कदाचित एखाद्या फुफीला ठाऊक असेल.

वाचकहो, या महिन्यात एवढे करा. घरात जुनी ट्रंक, कोनाडा, कुरआनच्या जुजदानात ठेवलेली जुनी पाने असतील तर उघडून पाहा. वाचता आले नाही तर वाचणाऱ्याकडे न्या. गावच्या वाचनालयाच्या सचिवांना भेटा आणि एक खोली, महिन्यातून एक रविवार मागा. आणि जो कागद खरोखरच जीर्ण झाला आहे, तो ठंडा करण्यास हरकत नाही. फक्त त्याआधी एकदा वाचा.